किती खाली येते?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातल्या आमच्या जुन्या घराशेजारच्या शेडमध्ये बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी होती. माणसे बाहेर पडली, कागदपत्रे निघाली, आजीचा पितळी डबा निघाला. गाडी मात्र राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही सीटा काढून वाळवल्या, इंजिन खोलून धुतले, दारांच्या आतला गाळ बोटांनी आणि पाण्याच्या नळीने काढला. तरीही पत्र्याच्या ज्या दुहेरी घड्यांमध्ये हात जात नाही, तिथे तो गाळ ओलावा धरून बसला. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मी ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा ठोकून पाहिला, आणि तो पुठ्ठ्यातून जावा तसा आरपार गेला. खाली शेडची जमीन दिसत होती.

ही गाडी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, ती कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली. त्यांच्याच नावाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासमोरून आम्ही सांगलीकर रोज जातो. पद्मिनीचा मूळ आराखडा फियाट ११०० या इटालियन गाडीचा. १९५३ साली फियाटने या गाडीची जी नवी आवृत्ती आणली, तिच्यात वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, ठेवली नव्हती. तळ, बाजू, छप्पर आणि खांब मिळून एकच पेटी, आणि तीच पेटी सगळा भार पेलते. जुन्या जीपचा तळ कुजला तर खालची चासी तरी शाबूत असते. पद्मिनीचा तळ कुजला म्हणजे गाडीचा कणाच कुजला. म्हणून त्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून रिव्हेट मारणे किंवा लांबी (पुट्टी) भरून वरून रंग देणे हा पर्याय माझ्या मनात कधीच आला नाही. जोड द्यायचा तो वितळवूनच, आणि मूळ पत्र्याइतका पक्का.

दोन गॅरेजांत विचारले. दोन्हीकडे गॅस वेल्डिंगने तुकडा बसवून देतो असे सांगितले. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीने पत्रा जोडता येतो, आणि जुन्या डेंटर मंडळींच्या हातांत ती कला आहे. पितळी सळईने त्यांनी केलेले सांधे मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही चाळीस वर्षे टिकले आहेत. पण ज्योतीची आच पसरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा हातभर पत्रा तापतो, थंड होताना आक्रसतो आणि लाटेसारखा उठतो. शिवाय मला हे काम स्वतः करायचे होते, रविवारी सकाळी, घरच्या शेडमध्ये, जितके महिने लागतील तितके महिने. बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण मी शेडमध्ये काम करत असले की ते खुर्ची घेऊन दाराशी बसतात. गाडी गॅरेजमध्ये पाठवली असती तर ती खुर्ची रिकामी राहिली असती.

मग वेल्डिंगच्या यंत्राचा शोध सुरू झाला, आणि पहिल्याच पायरीला मी चुकले. एका दुकानात सहा हजारांच्या आत एक छोटे, खांद्याला अडकवता येईल असे इन्व्हर्टर आर्क वेल्डिंगचे मशीन मिळाले. समोरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत २५०, म्हणजे अडीचशे अ‍ॅम्पिअर, लिहिले होते. आकडा मोठा म्हणजे यंत्र जोरकस, आणि जोरकस म्हणजे सगळी कामे होतील, असा माझा समज होता. घरी येऊन अडीच मिलिमीटरची रॉड लावली, पद्मिनीतून कापून काढलेल्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर टेकवली, आणि डोळ्यांसमोर पत्र्यात रुपयाएवढे भोक पडले. करंट कमी केला तर रॉड चिकटायची. चिकटू नये म्हणून वाढवला तर भोक पडायचे. त्या दोहोंच्या मधली जागा मला सापडेना. दोन रविवार असेच गेले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत. ट्रॉल्या, शटर, डेअरीची भांडी, असे सगळे त्यांच्या हाताखालून जाते. आमच्या घराच्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांनीच केल्या, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. जळलेले तुकडे पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाले, “ताई, मशीन किती वर जातंय ते नगा बघू. किती खाली येतंय ते बघा.”

या एका वाक्याने माझा सगळा शोध उलटा फिरला. मला वाटते, घरी गाडीचे काम करू पाहणाऱ्या कोणालाही यंत्र निवडताना याहून उपयोगी वाक्य मिळणार नाही.

पद्मिनीच्या तळाचा पत्रा साधारण वीस गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरला थोडा कमी. आर्क वेल्डिंगच्या रॉडला तिच्या जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ढोबळमानाने तीस-चाळीस अ‍ॅम्पिअर लागतात. अडीचची रॉड साठपासून नव्वदपर्यंत मागते. तेवढी उष्णता एक मिलिमीटरच्या पत्र्याला सोसत नाही. दोन मिलिमीटरची रॉड आणून, तुकडे एकावर एक चढवून, हात वेगाने चालवून कसलेला माणूस पत्राही जोडतो, हे मामांनी मला करून दाखवले. पण गाडीखाली पाठीवर झोपून, डोक्यावरच्या पत्र्याला ते करायचे म्हटले, तर ते रविवारी शिकणाऱ्याचे काम नाही. त्यात रॉडच्या वेल्डिंगवर स्लॅगची खपली धरते, आणि प्रत्येक टाक्यानंतर ती ठोकून काढावी लागते. लहान लहान शेकडो टाके घालायचे असतील, तर निम्मा दिवस हातोडीतच जातो.

या कामाला योग्य पद्धत म्हणजे मिग. कारखान्यांत तिला सर्रास सीओटू वेल्डिंग म्हणतात. बंदुकीसारख्या टॉर्चमधून बारीक तार आपोआप पुढे येते, पत्र्याला टेकली की वितळते, आणि तिच्याभोवती गॅसचा झोत हवेला लांब ठेवतो. तार ०.८ मिलिमीटरची असली, तर पंचेचाळीस-पन्नास अ‍ॅम्पिअरवर वीस गेजचा पत्रा सांधता येतो. खटका दाबला की सुरू, सोडला की बंद. सेकंदभराचा एक टाका, आणि त्यानंतर पत्र्याला श्वास घ्यायला वेळ. म्हणजे आपल्याला हवे ते यंत्र चाळीस-पन्नासच्या आसपास शांतपणे, न तुटता, न अडखळता जळणारे हवे. दोनशेवर ते काय करते याच्याशी पद्मिनीला काही देणेघेणे नाही. गंमत अशी की सगळ्या जाहिराती वरच्या आकड्याच्या असतात. खालचा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, आणि तो दिलेला असला तरी त्या ठिकाणी विजेची ज्योत (आर्क) स्थिर राहते की नाही हे कागदावरून कळत नाही.

म्हणून मी पत्र्याच्या दुकानातून वीस गेजचा सीआरसी (थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा घेतला, त्याच्या वीतभर पट्ट्या कापून घेतल्या, आणि त्या पिशवीत घालून यंत्रांची दुकाने फिरले. सांगलीत दोन, मिरजेत एक आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तीन. प्रत्येक ठिकाणी एकच विनंती केली: यंत्र सर्वांत खाली आणा आणि या दोन पट्ट्या जोडून दाखवा. काही ठिकाणी नकार मिळाला, तिथून मी परत फिरले. उद्यमनगरातल्या एका दुकानदाराने मात्र स्टूल पुढे सरकवले, पट्ट्या शिकंजात धरल्या आणि स्वतःचा चष्मा पुसून कामाला लागला. त्याने तीन यंत्रे लावून दाखवली. पहिल्यात करंट खाली आणला की तार फट्फट् करत थेंबाथेंबाने गळायची आणि टॉर्चच्या टिपमध्ये परत वितळून अडकायची. दुसऱ्यात व्होल्टेजचे बटण टप्प्याटप्प्याने फिरणारे होते. एका टप्प्याला सांधा वर तरंगत राहायचा, पुढच्या टप्प्याला पत्रा जळायचा. तिसऱ्यात व्होल्टेजचे आणि तारेच्या वेगाचे अशी दोन बटणे अखंड फिरणारी होती. त्याने दोन्ही हळूहळू जुळवली, आणि फोडणीत मोहरी एकसारखी तडतडावी तसा आवाज लागला. पट्टी उलटी करून पाहिली, तर मागच्या बाजूला बारीक, सलग, निळसर रेघ उमटली होती. ते यंत्र तिघांत सर्वांत महाग नव्हते.

एकाच बटणात सगळे जुळवून देणारी यंत्रे आता स्वस्तात मिळतात. जाडी सांगा, बाकीचे यंत्र ठरवते. नवशिक्याला ती सोयीची वाटतात, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या कामाला ती खरोखर चांगली आहेत. गंजून झिजलेल्या जुन्या पत्र्याची जाडी मात्र एका वितीत तीनदा बदलते. तिथे हाताने बदल करण्याची मुभा हवीच. एकाच बटणाचे यंत्र घ्यायचे असेल, तर ती सोय बंद करून दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे फिरवता येतात का, हे आधी पाहावे.

दुसरा विचार विजेचा, आणि या बाबतीत घर आणि कारखाना यांत मोठा फरक आहे. आमच्या घरी सिंगल फेज. शेडमध्ये १६ अ‍ॅम्पिअरचा एक सॉकेट. २३० व्होल्टला तो फार तर पावणेचार किलोवॅट देईल. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहून घ्यावा. आता हिशेब करा. आर्क वेल्डिंगमध्ये दोनशे अ‍ॅम्पिअरला ज्योतीचे व्होल्टेज अठ्ठावीसच्या घरात असते, म्हणजे नुसत्या ज्योतीलाच साडेपाच किलोवॅटच्या वर लागतात, यंत्रातला अपव्यय निराळाच. ते त्या सॉकेटमधून मिळणारच नाहीत. उलट मिगमध्ये पन्नास अ‍ॅम्पिअरला ज्योत साडेसोळा व्होल्टच्या आसपास जळते. हे एक किलोवॅटही भरत नाही. अपव्यय आणि पॉवर फॅक्टर धरूनही सॉकेटमधून सहा-सात अ‍ॅम्पिअर ओढले जातात. म्हणजे गाडीच्या पत्र्याचे काम घरच्या विजेवर निवांत होते, आणि ज्या मोठ्या आकड्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो, तो आकडा आपल्या घरी वापरताच येत नाही. २५० लिहिलेले माझे पहिले यंत्र माझ्या शेडमध्ये कधीच २५० चे नव्हते.

व्होल्टेजची चढउतार ही आमच्याकडची खरी अडचण. संध्याकाळी आमच्या भागात २०५ पर्यंत खाली येते. १५ टक्के कमी-जास्त चालेल असे ज्या यंत्रावर लिहिले असेल, ते १९५ पर्यंत टिकते. ज्यावर काहीच लिहिलेले नसेल, ते मी घेतले नसते. एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर आणखी व्होल्ट तिथेच गळतात आणि वायर तापते. मी अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, लागेल तेवढ्याच लांबीची वायर वेगळी करून घेतली, आणि काम करताना तिचे वेटोळे पूर्ण उलगडून ठेवते.

ड्यूटी सायकल या शब्दाने मी सुरुवातीला फार घाबरले होते. १४० अ‍ॅम्पिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांतली सहा मिनिटे यंत्र चालवा, चार मिनिटे थंड होऊ द्या. आणि हे मोजमाप भोवतालचे तापमान ४० अंश धरून केलेले हवे, कारण एप्रिलमधल्या सांगलीत शेडमध्ये तेवढेच असते. पत्र्याच्या कामात ज्योत सेकंदभर जळते आणि त्यानंतर आपणच दहा-वीस सेकंद थांबतो. त्यामुळे या कामाला हा आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो. गेट, ट्रॉली असले जाड काम सलग करायचे असेल त्यांनी तो जरूर पाहावा.

आता ‘थ्री-इन-वन’ या शब्दाविषयी. बाजारात वीस-पंचवीस हजारांच्या आसपास जी बहुउपयोगी यंत्रे मिळतात, त्यांत मिग, आर्क आणि लिफ्ट-टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या सुईने ज्योत पेटवून सांधायची पद्धत) अशा तीन सोयी असतात. मीही शेवटी असेच यंत्र घेतले, पण कोणत्या सोयीसाठी पैसे मोजतो आहोत हे ओळखून. मिग ही माझी मुख्य गरज. आर्क ही खरोखर उपयोगी जोड: सायलेन्सरचा तुटलेला ब्रॅकेट, गाडी टेकवायचे लोखंडी घोडे, शेडच्या दाराचे बिजागर, ही तीन-चार मिलिमीटरची कामे रॉडने मजबूत होतात, त्यांना गॅस लागत नाही, आणि उघड्यावरच्या वाऱ्याची फिकीर नाही. तिसरी सोय, टिग, माझ्यासाठी कागदावरच राहिली आहे. तिला वेगळा टॉर्च लागतो, शुद्ध आर्गॉन लागतो, म्हणजे दुसरा सिलिंडर आला, आणि हाताची तयारी काही महिन्यांची. स्टेनलेस स्टीलचे नळ किंवा बारीक, देखणे काम ज्यांना करायचे आहे त्यांना ती अमूल्य वाटेल. त्यांनी जरूर घ्यावी.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तीत अनेकांची फसगत होते. या किमतीच्या यंत्रांतले टिग बहुतेक वेळा डीसीच असते, आणि डीसी टिगने अ‍ॅल्युमिनिअमचे घरगुती काम होत नाही. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पातळ थर वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावे लागते. एसी करंट तो थर फोडत राहतो. साधा डीसी ते करत नाही. आतला धातू पाणी होऊन गळतो आणि वरची साल तशीच राहते. ‘अ‍ॅल्युमिनिअमसुद्धा’ असे खोक्यावर छापलेले असले तरी एसीची सोय आहे का, हा एक प्रश्न विचारावा. मिगने अ‍ॅल्युमिनिअम करता येते, पण त्यासाठी शुद्ध आर्गॉन, टेफ्लॉनचा लायनर (तार जिच्यातून सरकते ती आतली नळी) आणि मऊ तार चेपणार नाही असे यू आकाराच्या खाचेचे रोलर लागतात. गिअरबॉक्सचे कवच तडकले तर मी ते मामांकडेच नेईन.

गॅसचा प्रश्न सर्वांना आधी खर्चाचा वाटतो. सिलिंडरची अनामत, भरणा, रेग्युलेटर, हे सगळे मिळून यंत्राच्या किमतीत बरीच भर पडते. म्हणून गॅसशिवाय चालणारी, आत फ्लक्स (जळताना सांध्याला हवेपासून वाचवणारी पूड) भरलेली तार वापरणारी यंत्रे लोकप्रिय झाली आहेत. ती मी वापरून पाहिली. ती तार जास्त तापते, ठिणग्या जास्त उडवते, वर खपली धरते, आणि पातळ पत्र्यावर भोक पाडण्याकडे तिचा कल असतो. जाड पत्र्याला, उघड्या अंगणात ती उत्तम. घ्याल त्या यंत्रात दोन्हींची सोय असावी, आणि ध्रुव बदलण्याची व्यवस्था असावी, हे महत्त्वाचे: गॅसच्या साध्या तारेला टॉर्च धन टोकाला जोडतात, तर गॅसशिवायच्या फ्लक्सच्या तारेला ऋण टोकाला. काही स्वस्त यंत्रांत हा जोड आत कायमचा घट्ट केलेला असतो. ते यंत्र स्वस्त असते, पण अर्धेच असते.

मी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण घेते. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होते, आणि तो स्वस्त पडतो. फक्त तो पत्र्यात खोल शिरतो आणि जास्त शिंतोडे उडवतो. मिश्रणाने ज्योत मऊ होते. मिनिटाला आठ-दहा लिटर पुरतात. लहान सिलिंडर मला बरेच महिने पुरतो, कारण मी टाके घालते, पट्टे ओढत नाही.

याच गॅसने मला एक धडा दिला. मे महिन्यात शेडमध्ये उकडत होते म्हणून मी पंखा लावला आणि काम सुरू केले. सगळी बटणे जुळवलेली, आवाज मोहरीचा, पण प्रत्येक टाका जाळीदार आंबोळीसारखा भोकाभोकांचा निघू लागला. मी पत्रा पुन्हा घासला, तार बदलली, टिप बदलली, सिलिंडरचा व्हॉल्व्ह तपासला. तासाभराने बाबा खुर्चीतून म्हणाले, “अगं, पंखा बंद करून बघ की.” पंख्याचा वारा गॅसचा झोत उडवून लावत होता. बंद केला, आणि पुढचाच टाका घट्ट आणि चकचकीत आला. तेव्हापासून बाबा काम सुरू होण्याआधी स्वतः उठून पंख्याचे बटण बंद करतात.

यंत्र घेताना आणखी दोन बारीक गोष्टी मी पाहिल्या, आणि त्यांचा फायदा रोज होतो. टॉर्च यंत्रालाच कायमचा जोडलेला नसावा. युरो कनेक्टर असला की कोणत्याही दुकानात मिळणारा टॉर्च, टिप, नोझल बसते. दुकानातून निघताना मी कुपवाडला मामांना फोन करून विचारले होते की या टॉर्चच्या टिपा तुमच्या शेजारच्या दुकानात मिळतात का. मिळतात, असे उत्तर आल्यावरच पैसे दिले. आणि तार पुढे ढकलणारी यंत्रणा प्लॅस्टिकची नसून धातूची असावी. तार एकसारखी येत नसेल तर बाकी सगळे जुळवणे वाया जाते.

यंत्रावर सगळे पैसे संपवू नयेत, असे मी मनापासून सांगेन. माझ्या एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा भाग यंत्राबाहेर गेला, आणि तो योग्य गेला. आपोआप काळी होणारी हेल्मेट घेतली, कारण हातात धरायची काच असली की टॉर्च धरायला एकच हात उरतो आणि टाका कुठे पडणार हे आधी दिसत नाही. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते आणि माणूस तळमळतो. ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, आठ-दहा पकडी, जाड कातडी हातमोजे, सुती कपडे आणि आग विझवायचे नळकांडे, हे सगळे यंत्राच्या सोबतच घरात आले.

काही धोके असे आहेत की ते कळले नाहीत तर यंत्र न घेतलेले बरे. तळाला काम करायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि तिची खालून जाणारी नळी मी उतरवली. बॅटरीची दोन्ही टोके काढली. अलीकडच्या गाडीत संगणक असतो, तिथे तर हे विसरून चालणारच नाही. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर मी ज्योत लावत नाही, कारण त्यातल्या काही प्रकारांत क्लोरिन असलेली द्रावणे असतात आणि ती ज्योतीत अत्यंत विषारी वायू तयार करतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घासून काढल्याशिवाय जोडत नाही; त्याच्या धुराने ताप भरतो. आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसते, कारण पत्र्याच्या पलीकडे जुने डांबरी अस्तर असते आणि ते आतल्या आत धुमसत राहते. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या भागांना मी हात लावत नाही. ते भाग नवीनच घ्यावेत.

प्रत्यक्ष सांधण्याची रीत मला आजीच्या वाकळेने शिकवली. आजी वाकळ शिवायला बसली की आधी चारही कोपऱ्यांना आणि मध्यभागी लांब लांब टाके घालायची, म्हणजे थर सरकत नाहीत. मग दोन टाक्यांच्या मधोमध एक, पुन्हा त्यांच्या मधोमध एक, असे करत करत कापड भरत यायचे. एका टोकापासून शिवत गेले तर दुसऱ्या टोकाला कापड गोळा होते. पत्र्याचेही तेच होते. मी कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापते, पुठ्ठ्याचा नमुना काढते, तोच नमुना वीस गेजच्या पत्र्यावर उतरवते, कडा पांढऱ्या चकचकीत होईपर्यंत घासते आणि कोपऱ्यांना टाके घालते. एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, आणि दर चार-पाच टाक्यांनंतर हाताचा तळवा पत्र्यावर ठेवून पाहते. हात टेकवत नाही इतका तापला असेल तर थांबते. जिथे फट मोठी राहिली असेल तिथे मागे तांब्याची जाड पट्टी धरते. वितळलेले पोलाद तांब्याला चिकटत नाही, आणि तांबे जास्तीची आच ओढून घेते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग होते, तिथे वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोके पाडून ती खालच्या पत्र्यापर्यंत भरते.

डावीकडचा पुढचा तळ या दिवाळीआधी पूर्ण झाला. जोडाच्या रेघा घासल्या, प्रायमर मारला, सांध्यांवर सीलर ओढला आणि दाराखालच्या पोकळ पेटीत मेण फवारले. उजवीकडे मागच्या सीटपर्यंतचे टाके गेल्या रविवारी भरले. ते तपासायला आम्ही संध्याकाळी शेडचे दिवे घालवले. मी गाडीखाली हॅलोजनचा दिवा सरकवला, आणि बाबा हळूहळू आत जाऊन ड्रायव्हरच्या जागी पाट टाकून त्यावर बसले, कारण सीट अजून बाहेरच आहे. खालून उजेड टाकल्यावर जिथे टाका सुटला असेल तिथे आत ठिपका दिसतो. त्यांनी खूप वेळ खाली वाकून पाहिले. मग म्हणाले, “क्लचच्या खाली एक आहे. आणि इथे, कडेला, अगदी बारीक.” मी खिशातला खडू त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी दोन्ही जागी गोल काढले.

यंत्राचे बटण पंचेचाळीसवरच ठेवले आहे.